टँगोतला मर्द कोणाच्या जिवावर रडतो?

आमचा एक दोस्त आहे. नाव लिहीत नाही. भांडण त्याच्याशी नाही, त्याच्या तोंडून बोलणाऱ्या एका जुन्या खोडीशी आहे. परवा बैठक संपल्यावर टपरीवर चहा पिताना तो म्हणाला, "टँगो ऐक रे. ते आपलंच गाणं आहे. कडेच्या वस्तीतल्या माणसाचं. तिथला मर्द उघडपणे रडतो. आपल्याकडं पोरगं पाच वर्षांचं झालं की त्याला रडायची बंदी."

ऐकला मी. सूतगिरणीत रिंगखात्यात तिसऱ्या पाळीला असतो. सकाळी सुटलो तरी झोप लागत नाही, कानात मशिनी फिरत राहतात. त्या वेळात मोबाइलवर एकेक गाणं लावलं. स्पॅनिश मला येत नाही, आणि इंग्रजी आहे ती डिक्शनरीला घासून घासून आलेली. भाषांतरं मिळवली, शब्द शब्द खोदला. दोन महिने हाच धंदा. आता सांगतो, दोस्ताचं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी हा कागद काळा करतोय.

आधी खरं ते. टँगो जन्मला ब्युनॉस आयरिसच्या आणि नदीपलीकडच्या मोन्तेव्हिदेओच्या कडेच्या वस्त्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. खाटीकखाने, गोदी, बैलगाड्यांचे अड्डे, शिपायांच्या बराकी, रांडवाडे. तिथं गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांची पोरंनातवंडं होती, त्यांचा कान्दोम्बे नाच होता. टँगो हा शब्दच बहुधा त्यांच्याकडून आला. १८९७ सालचा 'एल एन्त्रेरियानो' रचणारा पियानोवाला रोसेन्दो मेन्दिसाबाल काळ्यांच्यातलाच. पुढं टँगो पॅरिसला जाऊन, कोट-टाय घालून परत आला, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शिरला. तेव्हा या काळ्या माणसांची नावं कुठं गळाली? असं गळणं कसं असतं, हे तुम्हाला मी शिकवायला नको.

आणि होते बोटीतून उतरलेले. इटलीचे, स्पेनचे, पोलंडचे, रशियातले ज्यू. १९१४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती १५ लाखांच्या वर, त्यातले जवळजवळ निम्मे परदेशात जन्मलेले. बापईच जास्त. एकटे. बायको-आई तिकडं, पैसा पाठवायचा इकडून. राहायला कोन्व्हेंतिय्यो, म्हणजे जुन्या वाड्याच्या पाडलेल्या खोल्या, एका खोलीत अख्खं बिऱ्हाड, मधे चौक, पाण्याला रांग. आपली चाळच ती. या गर्दीची बोली म्हणजे लुन्फार्दो. चोर, हमाल, रांडा, गाडीवान यांच्या तोंडची. टँगोची गाणी या बोलीत लिहिली गेली. १९४३ साली लष्करी सरकार आलं आणि रेडिओवर ही बोली बंद केली. गाजलेल्या गाण्यांचे शब्द बदलून, धुऊन-पुसून गायला लावले. १९४९ पर्यंत हा ताप होता. आपल्याकडं १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा भाषेवरून नाकं मुरडणारी माणसं आठवा. सगळ्या देशांत हे नाक एकाच जातीचं असतं.

म्हणजे माझं मन टँगोच्या बाजूनं आहे, हे ध्यानात ठेवा. परक्याला शिव्या द्यायला मी बसलेलो नाही.

पण या गर्दीतून जो 'मर्द' उभा राहिला तो बघा. कोम्पाद्रीतो. टोपी डोळ्यावर, गळ्यात रुमाल, उंच टाचेचे बूट, कमरेला सुरी. कोणाचा धक्का लागला की सुरी. कोणी आपल्या बाईकडं बघितलं की सुरी. सुरी चालवायचं कसब खाटीकखान्यातलं, ते समजण्यासारखं आहे. पण या शौर्याचा मालक कोण होता? वस्तीवस्तीत राजकीय पक्षांच्या कमिट्या होत्या आणि कमिटीच्या पुढाऱ्याला दांडगा माणूस लागायचा. १९१२ च्या कायद्यानं गुप्त मतदान येईपर्यंत मत उघड्यावर पडायचं, मग मतपेटीपाशी कोण उभा राहतो यालाच किंमत. सुरीवाला तिथं उभा राहायचा. त्याच्या बदल्यात पोलीस ठाण्यातलं प्रकरण मिटायचं. सामुएल आइखेल्बाउम या नाटककारानं १९४० साली यावरच नाटक लिहिलं, 'उन ग्वापो देल ९००'. त्याचा नायक एका पुढाऱ्याचा माणूस, आणि धन्याच्या अब्रूसाठी खून करतो. धन्याच्या! स्वतःच्या अब्रूचा पत्ता नाही.

कळलं का दोस्तांनो? ज्याला आपण वाघ समजतो त्याच्या गळ्यात पट्टा होता. पट्ट्यावर पुढाऱ्याचं नाव होतं. आपल्या वस्तीच्या तोंडाशी वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, त्यावर खालच्या रांगेत बारक्या फोटोत गॉगल लावून उभी असलेली पोरं आठवली मला. जास्त बोलत नाही.

आता होर्खे लुईस बोर्खेस. जगातला मोठा लेखक, पुस्तकांत वाढलेला, कर्नलाचा नातू. त्याला रडका टँगो आवडायचा नाही. इटालियन लोकांनी येऊन टँगोला रडकं केलं, जुनी सुरीवाल्यांची मिलोंगा हीच खरी, असा त्याचा सूर. 'एव्हारिस्तो कार्रिएगो' या पुस्तकात त्यानं टँगोवर लिहिलं, १९६५ साली सुरीवाल्यांवर मिलोंगा लिहिल्या, त्याच साली पियाझ्झोलाबरोबर त्यांची तबकडी काढली. वाचायला झ्याक. पण मला राग येतो. ग्रंथालयात बसून गरिबानं कसं मरावं याची चव घ्यायची! गाडीवानाचा कोथळा निघाला की ते महाकाव्य, आणि तोच गाडीवान खोलीत बसून रडला की ती घसरण. आम्ही मेलो की सुंदर, जगलो की किरकिरे.

मात्र बोर्खेसला एक गुण द्यावा लागेल, आणि तो मी देतो. तरुणपणी त्यानं एक गोष्ट लिहिली होती. नाचाच्या अड्ड्यावर बाहेरचा दांडगा येतो, तिथल्या रोसेन्दो ख्वारेसला आव्हान देतो. रोसेन्दोची बाई स्वतः त्याच्या हातात सुरी देते, आणि तो ती खिडकीतून बाहेर फेकतो. सगळे थुंकतात त्याच्यावर. बाई दांडग्याबरोबर जाते. चाळीसेक वर्षांनी, १९७० च्या 'एल इन्फोर्मे दे ब्रोदिए' या पुस्तकात, म्हाताऱ्या बोर्खेसनं त्याच रोसेन्दोला बोलायला लावलं. तो सांगतो की पोरवयात त्यानं भांडणात एक माणूस मारला, पोलिसांनी पकडलं, आणि मग तुरुंगाऐवजी पुढाऱ्याकडं पाठवलं, निवडणुकीच्या कामाला. त्याचा एक दोस्त पळून गेलेल्या बायकोपायी लढायला गेला आणि मेला. मग त्या रात्री समोर उभ्या असलेल्या दांडग्यात रोसेन्दोला आरशातल्यासारखा स्वतःच दिसला, आणि लाज वाटली. भीती वाटली असती तर कदाचित लढलाच असता. सुरी टाकून तो नदीपार उरुग्वेला गेला आणि गाडी हाकायला लागला. गाडीवान! मला सगळ्या टँगोत, सगळ्या मिलोंगांत हा एकच मर्द पटला. त्याच्यावर गाणं नाही.

दोस्त म्हणेल, सुरीवाला जुना झाला, मी रडणाऱ्याबद्दल बोलतोय. चला, रडणाऱ्याकडं.

१९१७ साली पास्क्वाल कोन्तुर्सीनं साम्युएल कास्त्रिओताच्या एका चालीवर शब्द बसवले आणि कार्लोस गार्देल ते गायला. 'मी नोचे त्रिस्ते'. इथून गाण्याचा टँगो सुरू झाला असं मानतात. बाई सोडून गेली आहे, माणूस खोलीत एकटा आहे. पलंग, दिवा, गिटार, सगळ्या वस्तू तिच्यावाचून उदास. खरंच नवीन होतं हे. सुरीवाल्याच्या पोराला पहिल्यांदा खोलीतली वस्तू दिसली. एकट्या माणसाच्या खोलीचं ते वर्णन ऐकताना मी स्वतः उठून बसलो, कबूल करतो.

पण एक ऐकून झालं, मग दहा ऐकली, पन्नास ऐकली. तेव्हा हिशेब दिसायला लागला. हा मर्द रडतो कशासाठी? बाई गेली म्हणून. आणि गेली कशी? वाईट होती म्हणून, पैशावर भाळली म्हणून. रडायला जागा कुठली? दारूचं दुकान. समोर कोण? दुसरा पुरुष. १९३१ च्या 'लुसेस दे ब्युनॉस आयरेस' सिनेमात गार्देल 'तोमो इ ओब्लिगो' गातो. दारू पाजतो, बाईनं कसं फसवलं ते सांगतो, आणि शेवटी ऐकणाऱ्याला उपदेश काय, तर असल्या गोष्टीपायी पुरुषानं डोळ्यातून पाणी काढायचं नाही! अख्खं गाणं रडायचं आणि शेवटी रडण्यावर बंदी घालायची. माझ्या दोस्ता, तुझा रडणारा मर्द तो हाच.

पगार कापला म्हणून रडणारा शोधला मी. अगदी नाही असं नाही. सेलेदोनियो फ्लोरेसचं १९३२ चं 'पान' आहे, त्यातला बाप उपाशी पोरांसाठी भाकरी चोरतो. 'आल पिए दे ला सान्ता क्रूस' आहे, १९३३ चं. त्यातला संपकरी कामगार हातकड्या घालून दक्षिणेच्या टोकाला उश्वायाच्या तुरुंगाकडं जातो. 'आक्वाफोर्ते' आहे. दिसेपोलोचं १९३० चं 'यीरा यीरा' आहे, मंदीत वणवण फिरलेल्यांचं. यांना सलाम. पण मी ऐकलेल्या ढिगात ही मूठभर. १९१९ च्या जानेवारीत वासेनाच्या लोखंडी कारखान्यातल्या संपावर गोळ्या चालल्या, आठवडाभर शहरात मुडदे पडले. त्या आठवड्याची आठवण मला गाजलेल्या गाण्यांत सापडली नाही. सापडली ती मार्गो.

मार्गो म्हणजे कोण? सेलेदोनियोचंच गाणं. मार्गारीता नावाची पोरगी कोन्व्हेंतिय्योत जन्मली, आता कॅबरेत फ्रेंच नाव लावून फिरते, रेशीम घालते. गाणारा तिला टाकून बोलतो, की तुझी चाल अजून झोपडीचीच आहे. आणि तिच्या आईची आठवण देतो. ती म्हातारी रॉकेलच्या दिव्याच्या खोलीत आठवडाभर लोकांचे कपडे धुते. अरे बाबा, तुला दिसतंय ना म्हातारी धुते ते? मग बादली उचललीस का? आठ दिवसांत एक चादर पिळलीस का? तुझ्या गाण्यात म्हातारीचे हात फक्त पोरीच्या तोंडावर मारायला आलेत.

इथं मला माझ्या धंद्याचं बोलू द्या. टँगोत एक कापड पुन्हा पुन्हा येतं. पेर्काल. साधं, स्वस्त सुती कापड, आपल्याकडच्या चिटासारखं. पोरगी पेर्कालमध्ये आहे तोवर चांगली. पेर्काल उतरून रेशीम आलं की बाटली. १९४३ चं ओमेरो एक्सपोसितोचं एक अख्खं गाणंच 'पेर्काल' नावाचं आहे. तुलनेनं हळुवार आहे, शिव्या नाहीत. तरी गणित तेच, सुती म्हणजे शील आणि रेशमी म्हणजे पाप. सूत काढणाऱ्याला विचारा ना! आठ तास तुटलेला धागा जोडणाऱ्याला, छातीत कापूस भरून घेणाऱ्याला विचारा, सुतात शील कुठं असतं. ब्युनॉस आयरिसच्या बार्राकास भागात आल्पार्गातासचा कारखाना १८८० च्या दशकात उभा राहिला. कापडी चपला करायचा. असल्या कारखान्यांत बाया आणि पोरी ढिगानं होत्या. शिवणकाम घरी आणून तुकड्यावर करणाऱ्या वेगळ्या, इस्त्रीवाल्या वेगळ्या, धोबिणी वेगळ्या. मजुरी बापयाहून कमी. ती पोरगी पेर्काल विणते, शिवते, नेसते, आणि एक दिवस कंटाळून म्हणते, मला रेशीम पाहिजे. गाणारा म्हणतो, हाव सुटली हिला. मालकानं रेशीम घातलेलं चालतं. त्याच्या हावेवर टँगो नाही.

आणि ज्यांना खरोखर बाजारात बसवलं त्यांचं काय? पोलंडमधून लग्नाच्या थापा मारून पोरी आणणारी झ्वी मिग्दाल नावाची टोळी होती तिथं. राकेल लिबेरमान या बाईनं, जी स्वतः त्या नरकात होती, तक्रार केली, मागं हटली नाही, आणि १९३० साली टोळीवर खटला उभा राहिला. सुरी नव्हती तिच्याकडं. सही होती. शौर्याची गाणी रचणारे त्या वेळी काय करत होते? म्हाताऱ्या झालेल्या जुन्या मैत्रिणीला बघून दारू पीत होते. दिसेपोलोचं १९२८ चं ते गाणं ऐका, 'एस्ता नोचे मे एम्बोर्राचो'. कधी काळी हिच्यापायी मी उद्ध्वस्त झालो, आणि आज ही अशी वाळलेली! तिच्या वयाचा शोक तिनं करायचा का यानं?

बायांची आणखी एक गोष्ट. १९०७ साली कोन्व्हेंतिय्योचं भाडं वाढवलं. लाखाच्या घरात भाडेकरूंनी भाडं देणं बंद केलं. बापे दिवसा कामावर, म्हणून दारं राखली बायांनी. पोरं घेऊन, झाडू घेऊन मोर्चे काढले. मालकांची घाण झाडायची म्हणून झाडू. घरं खाली करायला पोलीस आले, बंबाचं थंड पाणी मारलं, तर यांनी वरून उकळतं पाणी ओतलं. हाच तो चौक, जिथला टँगो. हीच ती बाई, जिच्या चंचलपणावर शेकडो गाणी. झाडू कुठाय? मी शोधला, मला नाही दिसला.

दिसते ती आई. टँगोत बाईच्या दोनच जाती. एक आई, 'ला विएखा', संत. दुसरी बाकी सगळ्या. मर्द जगभर उंडारतो, बाया सोडतो, दारू पितो, आणि शेवटी आईच्या उंबऱ्याशी येतो. आई माफ करते. तिला दुसरं कामच नाही. आणि ही गाणी गाणारा गार्देल कोण? तुलूजच्या नोंदीप्रमाणे १८९० साली फ्रान्समध्ये जन्मलेला (उरुग्वेवाले हे मानत नाहीत, आमचाच म्हणतात), बेर्त गार्देस या लग्न न झालेल्या बाईचा मुलगा. ती पोराला घेऊन समुद्र ओलांडून आली आणि ब्युनॉस आयरिसमध्ये लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिनं त्याला वाढवलं. टँगोच्या कायद्यानं ही बाई पेर्काल उतरलेली. तिच्याच इस्त्रीवर तो आवाज पोसला, ज्या आवाजात पाय घसरलेल्या पोरींची फजिती गायली गेली. १९३५ साली मेदेयीनला विमानाच्या अपघातात तो गेला, तेव्हा ती जिवंत होती.

आता शेवटचं, सगळ्यांत घाण. मर्द रडून थांबत नाही. 'आ ला लूस देल कान्दिल' मध्ये गावाकडचा गडी पोलिसापुढं हजर होतो. बायको आणि मित्र दोघांना मारलंय, पुरावा पिशवीत आणलाय, तिच्या वेण्या आणि त्याचं काळीज. 'नोचे दे रेयेस' मध्ये पोराला खेळणी मिळायच्या सणाच्या रात्री बाप हेच करतो, आणि आपली कीव आपल्याकडूनच मागतो. 'आमाब्लेमेन्ते', एद्मुन्दो रिव्हेरोच्या भारी आवाजात. बाई दुसऱ्याबरोबर सापडते. नवरा त्या दुसऱ्याला शांतपणे जाऊ देतो, कारण पुरुषाचा त्यात काय दोष! मग तिला माते करायला सांगतो, आपला चहा असतो तसा तो, पितो, गप्पा मारतो, आणि सावकाश चौतीस वार करतो. लोक हसून टाळ्या वाजवतात. नावाचा अर्थ 'सौजन्यानं'. मी पहाटे हे वाचलं आणि फोन उलटा ठेवला. ३ जून २०१५ ला त्याच शहरात लाखो बाया 'नी उना मेनोस' म्हणत संसदेपुढं आल्या, आता एकही कमी होऊ देणार नाही म्हणत. त्याआधी, २००९ साली, युनेस्कोनं टँगोला मानवजातीचा वारसा ठरवलं होतं. वारशात पिशवीही आली.

दोस्त विचारेल, मग फेकून द्यायचा का टँगो? नाही ना. आतूनच सुरुंग लावणारे होते. त्याच दिसेपोलोनं १९२८ च्या सुमारास 'मालेव्हाखे' लिहिलं. त्यात खतरनाक दादा प्रेमात पडतो आणि मारामारी सोडून पळतो, टोळीला तोंड दाखवायची लाज वाटते, चर्चमध्ये गुडघे टेकायचं तेवढं बाकी राहतं. सुरीवाल्याचं धोतरच सोडलंय. आणि हे कोण गात होतं? अझुसेना माइझानी, एक बाई, जी कधी कधी पुरुषी कपडे घालून मंचावर उभी राहायची. मारिया लुईसा कार्नेय्यी म्हणून होती, डावी, पत्रकार, पुढं स्पेनच्या यादवी युद्धावरून बातम्या धाडणारी. तिनं टँगो लिहिले ते लुईस मारिओ, मारिओ कास्त्रो अशा पुरुषी नावांनी. 'कुआन्दो योरा ला मिलोंगा' तिचं. किती मर्दांनी ते छातीवर हात ठेवून गायलं असेल, ते एका बाईचे शब्द आहेत हे माहीत नसताना! आणि तीता मेरेय्यो. गरिबीत, अनाथालयात वाढलेली, मोठी होईस्तोवर लिहिता-वाचता न येणारी. 'से दिसे दे मी' ही मिलोंगा ती अशी गायची, की लोक मला कुरूप म्हणतात, काय काय म्हणतात, म्हणू द्या. कोणाची माफी नाही, कोणाची कीव नाही. खरा आवाज ऐकायचा तर हा ऐक, दोस्ता.

माझंही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही म्हणाल दुसऱ्याच्याच घराची झाडलोट करतोय. तीन वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली होती. एक पोरगी मला नको म्हणाली आणि नोकरीवाल्याशी लग्न केलं. कवितेत ती 'विकली गेली' असं लिहिलं. तिच्या नव्या साडीवर चार ओळी होत्या, लोकांना फार आवडल्या. मेळाव्यात म्हटली तेव्हा पोरांनी ओळी परत म्हणायला लावल्या. माझी थोरली बहीण शिवणकामाच्या कारखान्यात जाते, कॉलर लावते. तिनं वही वाचली. म्हणाली, "ही कुठं कामाला जायची रे?" मला माहीत नव्हतं. दोन वर्षं तिच्यामागं होतो, आणि मला ते माहीत नव्हतं. अक्का म्हणाली, "आणि साडी तिनं तिच्या पैशानं घेतली असंल तर?"

वही फाडलेली नाही. रविवारी दोस्ताकडं घेऊन जाणार आहे. आधी त्याला ती कविता वाचायला लावणार, मग 'आमाब्लेमेन्ते' ऐकवणार, त्याच क्रमानं. चहा मी करीन म्हटलंय.